कुएर्नावाका-तास्कोची एका दिवसाची टूर: गाईड घ्या, पण पैसे भरायच्या आधी हे विचारा

पत्र:

नमस्कार ताई, आम्ही मूळचे वसईचे, माझं कॉलेजही तिथलंच, गोन्सालो गार्सिया. सध्या तीन महिने लेकीकडे ऑस्टिनला आलोय. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाच दिवस मेक्सिको सिटीला जायचंय, मी, मिस्टर, सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू), लेक आणि जावई. लेकीने एक गाईडेड डे ट्रिप शोधलीय, सकाळी ७ ला निघून कुएर्नावाका आणि तास्को ही स्पॅनिश काळातली दोन जुनी गावं बघून रात्री परत. पहिल्या सोमवारची सीट मिळतेय. मिस्टर म्हणतात गाईड कशाला, तो नुसता दुकानांत फिरवतो, आपण गाडी भाड्याने घेऊ, जावई चालवेल. सासूबाई पक्क्या शाकाहारी, शिवाय त्यांचे उपास. घरात रोज यावरून वाद चाललाय. काय करू?
— एक वसईकर

उत्तर:

प्रिय वसईकर ताई,

घरात रोज वाद चाललाय म्हणताय म्हणून आधी निकाल सांगते, कारणं मग. गाईड घ्या. भाड्याची गाडी नको. सोमवार सोडा, मंगळवार ते शुक्रवार यातला कुठलाही दिवस धरा. आणि मिस्टरांची दुकानांबद्दलची तक्रार शंभर टक्के खरी आहे, त्यामुळे पैसे भरायच्या आधी टूरवाल्याला काही प्रश्न विचारायचे आणि उत्तरं मेसेजवर लिहून घ्यायची. ते खाली सांगतेच.

पण तुमच्या पत्रातलं कॉलेजचं नाव वाचलं आणि मला राहवेना. तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण ताई, तुमच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ना, त्या गोन्सालो गार्सियांच्या शेवटच्या प्रवासाचं चित्र कुएर्नावाकाच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर आहे. खरंच सांगते. गोन्सालो सोळाव्या शतकात वसईत जन्मले, वडील पोर्तुगीज, आई आपल्या कोकणातली, हे तुम्हाला माहीतच असणार. तिथून ते जपानला गेले, व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथात ब्रदर झाले आणि जपानी उत्तम येत होतं म्हणून दुभाषी बनून परत जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रूसावर मारलं त्यात ते होते. त्याच २६ जणांत मेक्सिको सिटीत जन्मलेला फेलिपे दे हेसुस नावाचा तरुण होता, तो मनिलाहून मेक्सिकोला घरी परत निघाला होता आणि त्याचं जहाज वादळात भरकटून जपानच्या किनाऱ्याला लागलं. म्हणजे वसईचा एक आणि मेक्सिकोचा एक, दोघांचा शेवट एकाच टेकडीवर, एकाच दिवशी. १८६२ मध्ये दोघांनाही एकत्रच संत जाहीर केलं.

आता हे चित्र कुएर्नावाकातच का, तर मनिलाकडे जाणारी जहाजं आकापुल्को बंदरातून सुटायची आणि मेक्सिको सिटीहून आकापुल्कोला जाणारा रस्ता कुएर्नावाकावरून जायचा, आशियात निघालेले फ्रान्सिस्कन इथल्या मठात थांबून पुढे जायचे. मग त्यांनी आपल्याच माणसांची गोष्ट भिंतीवर काढून ठेवली. नंतरच्या काळात ती चुन्याखाली झाकली गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यात चर्चचं नूतनीकरण करताना परत सापडली.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्या टूरने कॅथेड्रलला १५ मिनिटं दिली, गाईड म्हणाला जुनं चर्च आहे, फोटो काढा, बसमध्ये या. त्यानंतर तास्कोला चांदीच्या एका दुकानात आम्हाला जवळजवळ दोन तास बसवलं, सरबत पाजलं, आणि सांता प्रिस्का चर्चला जेमतेम २० मिनिटं उरली. परत येताना मला रडू येत होतं इतका राग आला होता. वर्षभराने पाहुणे आले म्हणून परत गेले, तेव्हा एक मोठ्या वयाचे गाईड मिळाले, त्यांनी आम्हाला आत बाकावर बसवलं आणि म्हणाले डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आणि मग भिंत हळूहळू दिसायला लागली. दोन्ही बाजूंना लांबच लांब पसरलेलं चित्र, रंग उडालेले, मध्येमध्ये पोपडे गेलेले, पण होड्या दिसतात, गाड्यांत बसवून नेलेले कैदी दिसतात, भाले घेतलेले शिपाई दिसतात, आणि वर मोठ्या स्पॅनिश अक्षरांत लिहिलंय की सम्राट ताइकोसामाने यांना मारायचा हुकूम दिला. ताइकोसामा म्हणजे जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी. त्या होडीत बसलेल्यांपैकी कोणीतरी आपल्या वसईचा, हे त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा कळलं आणि अंगावर काटा आला. दोन्ही वेळा भिंत तीच होती हो. म्हणून मी गाईडचा एवढा आग्रह धरतेय आणि म्हणूनच कुठलाही गाईड चालणार नाही असंही म्हणतेय.

कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीही नीट बघा. १५२० च्या दशकात स्पॅनिश आल्याआल्याच फ्रान्सिस्कनांनी इथे मठ सुरू केला, आणि वरून कंगोरे असलेल्या त्या जाड भिंती बघून तुम्हाला वसईचा किल्ला आठवेल. एका बाजूच्या दारावर दगडात कवटी आणि हाडं कोरलीयत, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे दचकणार नाहीत, ती फ्रान्सिस्कनांची जुनी खूण आहे. आणि समोरून उघडी असलेली मोठी कमानींची जागा दिसेल, ती उघडी चॅपल, म्हणजे पाद्री आत उभा राहायचा आणि नव्याने बाप्तिस्मा दिलेले हजारो स्थानिक लोक बाहेर पटांगणात उन्हात उभे. किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या तुमच्यासारख्यांना परक्या सत्तेने गावावर चर्च आणि तट कसे उभे केले हे मी काय सांगणार. त्या भागातले असे सोळाव्या शतकातले १४ मठ १९९४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यात हा आहे.

तिथून चालत जाता येईल एवढ्यावर कोर्तेसचा वाडा. ज्याने मेक्सिको जिंकलं त्या एर्नान कोर्तेसने तो बांधला, तोही मुद्दाम आधीच्या तलाविका लोकांची खंडणी जिथे गोळा व्हायची त्याच जागेवर. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात दिएगो रिवेराने १९३० च्या सुमाराला मोठं भित्तिचित्र काढलंय, एका टोकाला चिलखतातले स्पॅनिश आणि जग्वारच्या कातड्यातले योद्धे एकमेकांना भिडलेत, मध्ये उसाच्या मळ्यात राबणारे लोक, आणि शेवटी पांढरा घोडा धरून उभा सापाता, मेक्सिकन क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी, जो याच मोरेलोस राज्यातला. मला विचाराल तर जिंकणाऱ्याच्या घरात हरलेल्यांची बाजू एवढी मोठी काढलेली दुसरी जागा मी पाहिली नाही. आता हा वाडा म्युझियम आहे, आणि मेक्सिकोत बहुतेक सरकारी म्युझियमं सोमवारी बंद असतात. झालं, सोमवार सोडायचं पहिलं कारण मिळालं. दुसरं कारण असं की फेब्रुवारीचा पहिला सोमवार तिथे संविधान दिनाची सुट्टी असते, सलग तीन दिवस, आणि कुएर्नावाका म्हणजे मेक्सिको सिटीवाल्यांचं लोणावळा, सगळी राजधानी तिथे गेलेली असते आणि सोमवारी संध्याकाळी सगळी एकदमच परत निघते. सासूबाईंना घेऊन त्या ट्रॅफिकमध्ये अडकू नका.

आता वेळेचा हिशोब करू, कारण टूरच्या जाहिरातीत तो कोणी मांडत नाही. मेक्सिको सिटी ते कुएर्नावाका साधारण ८५-९० किलोमीटर, दीड तास धरा. तिथून तास्को आणखी तेवढंच. तास्कोहून परत सरळ आलात तरी तीन तास. म्हणजे १२-१३ तासांतले ६ तास गाडीतच गेले, जेवणाचा एक गेला, तर हातात उरतात ५ तास. त्यातले दोन दुकानाने खाल्ले तर दोन शहरं मिळून तीन तास. म्हणून विचारायचं की चांदीच्या दुकानात किती वेळ थांबवणार आणि कोणाला खरेदी करायची नसेल तर तो तेवढा वेळ चर्चमध्ये काढू शकतो का. कुएर्नावाकात कॅथेड्रलच्या आत नेणार की नुसतं बाहेरून दाखवणार. कोर्तेसचा वाडा आहे की नाही. गाईडकडे पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का, आणि तोच गाडीही चालवणार आहे का, असेल तर नको. परत यायला तास्कोहून किती वाजता निघणार. ही उत्तरं गोलगोल आली तर दुसरी कंपनी बघा. तुम्ही पाच जण आहात, पाच माणसांत एक अख्खी व्हॅन गाईडसकट घेतली तर बसच्या पाच सीटांपेक्षा थोडे जास्त पैसे जातील पण दिवस तुमच्या हातात राहील, सासूबाईंना पाय लांब करून बसता येईल, मी तर तेच सुचवेन.

गाडी भाड्याने का नको. यावर मिस्टरांशी बोलायला लागेल तेव्हा हे त्यांना वाचून दाखवा. तास्को गेरेरो राज्यात येतं, आणि मी हे लिहितेय तेव्हा अमेरिकन सरकारच्या यादीत गेरेरो "प्रवास करू नका" या सगळ्यात कडक पातळीवर आहे, तास्कोचं नाव घेऊन. मोरेलोस, म्हणजे कुएर्नावाका, त्याच्या एक पायरी खाली, "फेरविचार करा". जानेवारी २०२४ मध्ये तास्कोत प्रवासी व्हॅनच्या ड्रायव्हरांचे खून झाले आणि काही दिवस गावातली वाहतूक आणि शाळा बंद पडल्या होत्या. टुरिस्ट येतात, रोज येतात, मी स्वतः दोनदा सुखरूप जाऊन आलेय, पण हे लपवून तुम्हाला जा म्हणणं मला जमणार नाही. रोज त्या रस्त्यावर असणाऱ्या माणसाला आज काय चाललंय, कुठे वळायचं नाही हे कळतं, जावईबापूंना ते गुगल मॅपवर कळणार नाही. टोलच्या मोठ्या रस्त्यानेच जायचं, उजेडात परत निघायचं, रात्री घाटात राहायचं नाही. आणि प्रवासाचा विमा घेतला असेल तर त्याची कागदं उघडून बघा, अशी सूचना असलेल्या भागात काही पॉलिसी लागू होत नाहीत. हे सगळं वाचून घरात कोणाच्याही पोटात गोळा आला तर तास्को सोडा, मनापासून सांगते, कुएर्नावाका आणि त्याच्या जवळचंच तेपोस्त्लान गाव असा दिवस करा, तेपोस्त्लानलाही सोळाव्या शतकातला सुंदर मठ आहे, त्याच वारसा यादीतला, आणि गाडीतला वेळही निम्मा होतो. तुमचा वसईचा धागा तर कुएर्नावाकातच आहे.

तास्कोला गेलातच तर काय बघायचं तेही सांगते. अख्खं गाव डोंगरउतारावर, पांढऱ्या भिंती, लाल कौलं, गोट्यांचे रस्ते, आणि मधोमध गुलाबी दगडाचं सांता प्रिस्का. होसे दे ला बोर्दा नावाच्या माणसाला इथल्या खाणीत चांदीचं घबाड लागलं आणि त्याने स्वतःच्या पैशाने १७५१ ते १७५८ या सात वर्षांत हे चर्च उभं केलं, त्याचा मुलगा पाद्री होता, त्याने इथे प्रार्थना चालवावी म्हणून. आत शिरलात की समोर आणि दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत सोन्याचा मुलामा दिलेलं लाकूडकाम. पहिल्यांदा नुसता झगमगाट दिसतो आणि काही कळत नाही. एकच खांब निवडा आणि खालून वर सावकाश नजर न्या, पानं दिसतील, शिंपले दिसतील, फळं, मग त्या पानांच्या आड लपलेले गुबगुबीत बाळचेहरे. असा एक खांब बघायलाच पाच मिनिटं लागतात. आणि एवढं सोनं बघताना खाली खाणीत कोण उतरत होतं हे गाईडला जरूर विचारा, चांगला गाईड असेल तर तो सांगतो, स्थानिक मजूर होते, आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. ही मेक्सिकोची चांदी पुढे जहाजांनी युरोपात आणि मनिलामार्गे आशियात गेली, आपल्याकडे मुघलांच्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये झाले.

बाहेरच्या चौकात दाट सावलीची झाडं आहेत, त्यांना तिथे लाउरेल दे ला इंदिया म्हणतात, म्हणजे भारतातलं लॉरेल, वडाच्याच कुळातलं. सासूबाईंना तिथे बाकावर निवांत बसवा. गल्ल्या त्यांना झेपणार नाहीत, चढ भयानक आहे आणि गोट्यांवरून पाय घसरतो, चपला नकोत, बूट घाला आणि काठी न्या. चढायचंच असेल तर पांढऱ्या जुन्या बीटल गाड्या टॅक्सी म्हणून फिरतात, तिथले लोक वोचो म्हणतात, बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकलेली असते त्यामुळे मागे बसायला गुडघे न दुमडता शिरता येतं.

चांदी घ्यायची तर घ्या, मी काही खरेदीच्या विरोधात नाही. गंमत अशी की तास्कोचे दागिने दिसतात तेवढे जुने नाहीत, विल्यम स्प्रॅटलिंग नावाचा एक अमेरिकन १९२९ मध्ये इथे राहायला आला, त्याने १९३१ मध्ये कारखाना काढला आणि तिथे शिकलेल्या कारागिरांनी पुढे स्वतःची दुकानं टाकली. वस्तूच्या मागे ९२५ चा, म्हणजे ९२.५ टक्के चांदीचा शिक्का बघा. आणि कोणी "अल्पाका" म्हणालं तर ते आपलं जर्मन सिल्व्हर, त्यात चांदी औषधालाही नसते, त्याच्या भावानेच घ्या.

बीपीचं लिहिलंत ते महत्त्वाचं. मेक्सिको सिटी २२४० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ही ट्रिप ठेवू नका, दोन दिवस शहरातच सावकाश फिरा. कुएर्नावाकाचा रस्ता आधी सुमारे ३००० मीटरपर्यंत चढतो आणि मग वळणं घेत १५०० पर्यंत उतरतो, कानाला दडे बसतात, मळमळतं, सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा, आलेपाक जवळ ठेवा. सकाळी वर कडाक्याची थंडी आणि दुपारी तास्कोला ऊन, त्यामुळे शाल आणि टोपी दोन्ही हवं. डॉक्टरांना निघायच्या आधी एकदा विचाराच. आणि सुट्टी नाणी ठेवा, तिथे बऱ्याच ठिकाणी बाथरूमला पाच-दहा पेसो मोजावे लागतात.

खाण्याचं बिलकुल टेन्शन घेऊ नका. घाटाच्या वर त्रेस मारियास नावाचं ठिकाण आहे, तिथे केसादियासाठीच गाड्या थांबतात, निळ्या मक्याची भाकरीसारखी पोळी आणि आत चीज, मशरूम, नाहीतर चक्क भोपळ्याची फुलं. नोपाल म्हणजे निवडुंगाच्या फडाची भाजी, तीही छान लागते. फक्त दोन गोष्टींना जपा, वाटलेल्या बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते आणि लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका" एवढं कागदावर लिहून ठेवा, म्हणजे मांस नको, चिकन नको, चरबी नको, आणि भात आला तर गाईडकरवी विचारून घ्या. उपासाच्या दिवशी मात्र सासूबाईंची खरी चंगळ आहे, कारण राजगिरा मूळचा तिथला! अलेग्रिया नावाची वडी रस्त्यात सगळीकडे मिळते, लाह्या करून मधात किंवा गुळासारख्या पाकात थापलेली, वर शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया. हुबेहूब आपली राजगिऱ्याची चिक्की. स्पॅनिश यायच्या आधी तिथले लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवाच्या मूर्ती करून प्रसाद म्हणून वाटून खायचे, स्पॅनिशांनी तो प्रकार बंद पाडायचा बराच प्रयत्न केला, तरी वडी टिकली. सासूबाईंना ही गोष्ट सांगून मग वडी हातात द्या.

व्हिसाचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगून ठेवते, चालू अमेरिकन व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, फक्त परत अमेरिकेत शिरायचंय म्हणून तो मल्टिपल एन्ट्री आहे ना हे सगळ्यांचं बघा, आणि निघायच्या आधी वकिलातीच्या साईटवर नियम एकदा तपासा. लेकीचा आणि जावयांचा व्हिसा नोकरीचा असेल तर स्टॅम्पची तारीखही बघायला सांगा.

आणि ताई, ५ फेब्रुवारी त्याच आठवड्यात येतेय. जमलं तर कॅथेड्रल त्या दिवशी करा, सुट्टी सोमवारीच होऊन गेलेली असते. एक छोटी दुर्बीण न्या, चित्र उंचावर आहे. आत गेल्यावर गाईडला "लोस मार्तिरेस दे हापोन" एवढं म्हणा, तो बरोबर भिंतीसमोर उभं करेल, मग त्याला तुमच्या कॉलेजचं नाव सांगा. आणि तो काय म्हणाला ते मला कळवा, मी वाट बघतेय.